चौदा हजार एक रुपये: दिवाळीच्या सहलीचं एक बुकिंग

हे प्रकरण माझ्या सोसायटीतल्या एका कुटुंबाचं आहे. त्यांनी लिहायला परवानगी दिली, एकाच अटीवर: नाव-गाव नको. म्हणून गृहस्थांना इथं 'दादा' आणि त्यांच्या पत्नीला 'वहिनी' म्हणतो. एरवीही मी त्यांना तेच म्हणतो. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. सोसायटीत कुणाचं एटीएम कार्ड अडकलं तरी बेल माझ्याच दाराची वाजते. त्या रात्रीही तशीच वाजली.

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. दादा साखर कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला, वय ५२. वहिनी घरून फराळाच्या ऑर्डरी घेतात. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे त्यांच्या स्वयंपाकघरात चकलीचा सोऱ्या थांबत नाही. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला.

२०२४ ची दिवाळी. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, भाऊबीज ३ नोव्हेंबरला, रविवारी. दादांच्या दोन्ही बहिणी भाऊबीजेला यायच्या होत्या. जेवणं झाली की सगळ्यांनी मिळून फोंडा घाटातून तारकर्लीला उतरायचं, ५ आणि ६ तारखेला राहायचं आणि ७ ला परत, असं ठरलं. लहान-मोठी मिळून अकरा माणसं, चार खोल्या.

ठरलं खरं, पण बुकिंग कुणी करायचं हे नवरात्रापर्यंत कुणी काढलंच नाही. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत मालवण-तारकर्ली-देवबाग पट्ट्यात खोली मिळणं किती अवघड असतं हे तिकडे गेलेल्याला ठाऊक आहे. रविवारी, २० ऑक्टोबरला, दादांनी दुपारपासून फोन लावायला घेतले. सात ठिकाणी 'फुल' ऐकलं. धाकट्या बहिणीचा मेसेज आला: "दादा, झालं का? नसेल तर आम्ही आमचं गोव्याचं बघतो." हा मेसेज मी मुद्दाम नोंदवतोय. आठवा फोन करताना दादांच्या मनात खोलीपेक्षा बहीणच जास्त होती.

काय घडलं

आठवा फोन एका घरगुती निवासाचा. मोबाइलवरच्या नकाशात त्याची नोंद होती. फोटो खरे, पाहुण्यांचे अभिप्राय खरे, जागाही खरी. फक्त फोन नंबर दुसऱ्याचा होता. अशा नोंदींत 'बदल सुचवा' अशी सोय असते. तिऱ्हाईत माणूसही नंबर बदलून सुचवू शकतो, आणि कधीकधी तो बदल मान्यही होतो. दादांना हे माहीत असायचं कारण नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पलीकडून फोन उचलला गेला. बोलणारा हिंदीत. दादांना क्षणभर खटकलं, पण हल्ली कोकणातल्या हॉटेलांत कामाला बाहेरची मुलं असतातच, असं त्यांनी स्वतःला समजावलं. त्यात चूक काहीच नव्हती. भाषेवरून माणूस ओळखायला गेलात तर निम्मे प्रामाणिक लोक चोर ठरतील.

दर सांगितला ३,५०० रुपये, चार खोल्या, दोन रात्री, एकूण २८,०००. दिवाळीच्या दिवसांत हा दर जरा कमीच. खूपच कमी असता तर दादा सावध झाले असते. "सर, चारच रूम शिल्लक आहेत, दुसरी पार्टी लाइनवर आहे." निम्मे आगाऊ द्यायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर आला. त्यासोबत खोल्यांचे फोटो, समुद्राचा व्हिडिओ आणि 'चेक-इन फॉर्मसाठी' चार मोठ्या माणसांच्या आधारचे फोटो पाठवा, असा निरोप. दादांनी आधारचे फोटो पाठवले.

६:२५ ला १४,००० गेले. क्यूआर स्कॅन केल्यावर वर निवासाचं नाव मोठ्या अक्षरांत आलं होतं. त्याखाली बारीक अक्षरांत बँक खात्यावरचं नाव होतं, ते कुठल्यातरी 'ट्रेडर्स'चं. दादांनी ते वाचलं होतं, विचारलंही होतं. "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे सर, जीएसटीमुळे." जीएसटी म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

मग पावती येईना. "सर, सिस्टीममध्ये पेमेंट अनमॅच दाखवतंय. शेवटी एक रुपया लावून पाठवायचं होतं. १४,००१ पाठवा, आधीचे १४,००० आपोआप परत येतील." ६:४१ ला तेही गेले. आता २८,००१ अडकले होते.

पुढची युक्ती मी नोकरीत असताना पाहिली नव्हती. "रिफंड कोड देतो सर, लिहून घ्या. टू, फोर, नाइन, नाइन, नाइन. अ‍ॅप उघडा, स्कॅन करा, जिथं आकडा टाकायचा तिथं हा कोड टाका. कन्फर्म करा." फोन चालूच. एक-एक अंक सुटा उच्चारलेला, मध्ये 'हजार' हा शब्दच नाही. दादांनी तो कोड म्हणून ऐकला, कोड म्हणून टाकला आणि पिन दाबला. ६:५८ ला खात्यातून २४,९९९ गेले.

एकूण ५३,०००.

७:०५ ला 'शेवटचा कोड' आला: फोर, नाइन, नाइन, नाइन, नाइन. हा व्यवहार अ‍ॅपनं नाकारला. यूपीआयची दिवसाची सर्वसाधारण मर्यादा एक लाखाची, आणि हे धरून बेरीज १,०२,९९९ होत होती. पलीकडच्यानं क्षणाचाही वेळ न घालवता सांगितलं, "मॅडमच्या मोबाइलवरून करा."

दादा स्वयंपाकघरात गेले. वहिनींचे हात चकलीच्या पिठात. "अगं, तुझा फोन दे जरा, रिफंड घ्यायचाय."

"घ्या की. पिन कशाला मागताय?"

"त्याशिवाय येत नाहीत म्हणतोय तो."

"अहो, माझ्या फराळाचे पैसे रोज येतात. मी कधी पिन टाकलाय का पैसे घ्यायला?"

दादा सांगतात, त्या एका वाक्यानं कानातला फोनवरचा आवाज एकदम लांबून आल्यासारखा झाला. त्यांनी फोन कापला.

समोर असलेले पर्याय

इथून पुढचा सव्वा तास मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पैसे जाण्याइतकंच नुकसान या सव्वा तासानं केलं.

दादांच्या मनात पहिलं आलं ते घरात कुणाला कळू न देण्याचं. वहिनींना कळलंच होतं, मग निदान बहिणींना तरी नको. दुसरं, त्या माणसाला गोड बोलून पैसे परत मागायचे. त्यांनी दोनदा फोन लावला. पहिल्यांदा त्यानं "मॅनेजर बघतोय" सांगितलं, दुसऱ्यांदा उचललाच नाही. तिसरं, बँकेत जायचं, पण रविवार. चौथं, बँकेचा 'कस्टमर केअर' नंबर नेटवर शोधायचा. हे त्यांनी केलंही. वर आलेल्या एका नंबरवर लावल्यावर पलीकडच्यानं 'मदतीसाठी' स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप उतरवायला सांगितलं. वहिनींनी हातातून फोनच काढून घेतला. एका संध्याकाळी दोनदा त्यांनी वाचवलं, तेही पिठाच्या हातांनी.

पाचवा पर्याय मुलानं पुण्याहून सुचवला. समाजमाध्यमावर कुणी 'सायबर रिकव्हरी'वाला दहा टक्क्यांवर पैसे काढून देतो म्हणत होता, फी आगाऊ. वर्गातल्या मित्रानं म्हणे शिफारस केली होती. त्याला नंतर मीच नको म्हटलं. गेलेल्या पैशांच्या मागावर येणारी ही दुसरी टोळी असते, आणि नुकताच फसलेला माणूस तिचं हक्काचं गिऱ्हाईक.

सहावा पर्याय १९३०, ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेणारा सरकारी नंबर. घरात हा नंबर कुणालाच माहीत नव्हता असं नाही. वहिनींना कुठंतरी ऐकल्यासारखा आठवत होता. पण "पोलिसांत कशाला?" या एका प्रश्नावर तो मागे पडला. केस होईल, पोलीस ठाण्यात जावं लागेल, ऐन दिवाळीत चार लोक विचारतील.

माझ्या दाराची बेल ८:२० ला वाजली.

काय केलं

मी पहिली दहा मिनिटं वाया घालवली. हे कबूल करायला हवं. "पिन टाकलातच कसा?" यासारखे प्रश्न मी विचारत बसलो, आणि दादा खाली मान घालून उत्तरं देत बसले. माणूस आधीच खचलेला असताना मी त्याची झडती घेत होतो.

मग कागद-पेन घेतलं. १९३० वर माहिती देताना धांदल होऊ नये म्हणून आधी एका पानावर उतरवलं: दादांच्या बँकेचं नाव, खाते क्रमांक, तिन्ही व्यवहारांची वेळ, रक्कम, प्रत्येकाचा बारा अंकी व्यवहार क्रमांक आणि पैसे ज्या यूपीआय आयडीवर गेले तो आयडी. तिन्ही वेळा आयडी वेगळा होता. दादांना हे तोवर दिसलंच नव्हतं.

एक अडचण आली. रागाच्या भरात दादांनी तो नंबर ब्लॉक करून चॅट पुसून टाकलं होतं. क्यूआरचे फोटो गॅलरीत राहिले म्हणून बचावलो. बोलणं मात्र गेलं.

चौथ्या प्रयत्नात, ८:४७ ला, १९३० लागला. पलीकडच्या बाईंनी आठेक मिनिटांत सगळं घेतलं, शांतपणे, 'कसं काय केलंत' असा एकही प्रश्न न विचारता. तक्रारीचा क्रमांक मेसेजनं आला. त्या क्रमांकावर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर उरलेली माहिती भरायची होती. ती आम्ही त्याच रात्री साडेदहापर्यंत भरली.

या यंत्रणेचं काम कसं चालतं ते सांगतो, कारण १९३० म्हणजे नुसता तक्रार नोंदवणारा नंबर असं बऱ्याच जणांना वाटतं. नोंद झाली की ती ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे जाते. पैसे तिथंच असतील तर ती रक्कम अडवली जाते. पुढे गेले असतील तर ती बँक पुढच्या बँकेचं नाव टाकते आणि नोंद तिकडे सरकते. पैसे आणि नोंद यांची शर्यतच असते. एटीएममधून नोटा बाहेर पडल्या की नोंद थांबते. सव्वा तासाचं मोल इथं कळतं.

सोमवारी सकाळी बँकेत लेखी अर्ज दिला. दादांना आशा होती की तीन दिवसांत कळवलं म्हणजे बँक भरून देईल. रिझर्व्ह बँकेचं तेव्हा लागू असलेलं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक खरंच तसं सांगत होतं, पण ते ग्राहकानं न केलेल्या, अनधिकृत व्यवहारांबद्दल होतं. बँकेची चूक नाही, ग्राहकाची नाही, तिसऱ्याच कुणी घात केला आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार नाही. इथं तिन्ही वेळा पिन दादांनी स्वतः टाकला होता. शाखेतल्या अधिकाऱ्यानं हे नीट समजावलं. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याचाही विचार झाला आणि सोडून दिला. बँकेनं कुठं चूक केली हे आम्हालाच दाखवता येत नव्हतं.

आधारचं काम राहिलं होतं. चौघांचंही आधार बायोमेट्रिक लॉक केलं, म्हणजे बोटांचे ठसे वापरून कुणाला ते चालवता येऊ नये. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघता येतं. दादांच्या आणि वहिनींच्या नावावर अनोळखी एकही निघालं नाही. त्याच ठिकाणी 'चक्षू' नावाच्या सोयीत तो फसवा नंबरही कळवला.

पोलीस ठाण्यात चार हेलपाटे झाले. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरपासून लागली होती, मतदान २० नोव्हेंबरला. बहुतेक कर्मचारी बंदोबस्तात. जे हवालदार भेटले ते कामाचे होते. पैशांचा माग त्यांच्याकडूनच कळला.

निष्पत्ती

पहिल्या दोन रकमा परराज्यातल्या खात्यांतून फिरून एटीएममधून निघाल्या होत्या, आमचा फोन लागण्याच्या कितीतरी आधी. तिसरी रक्कम दोन तुकड्यांत पुढे गेली. त्यातला १९,४०० चा तुकडा एका खात्यात अडवला गेला. ते खातं कमिशनवर दुसऱ्याला वापरायला दिलेलं होतं.

अडवलेले पैसे आपोआप परत येत नाहीत. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायालयाचा आदेश लागला. बंधपत्र, ओळखीची कागदं, बँकेचा उतारा हे सगळं झालं, आणि मार्च २०२५ मध्ये १९,४०० दादांच्या खात्यात जमा झाले. ३३,६०० गेले ते गेलेच.

सहल झाली. ती कशी झाली हेही सांगायला हवं. तक्रारीनंतर दोन दिवसांनी मुलाला सुचलं की नकाशावरच्या त्याच नोंदीत पाहुण्यांनी काढलेले फोटो आहेत, आणि एका फोटोत फाटकावरची पाटी आहे. पाटीवर रंगवलेला नंबर वेगळा होता. तो लावला. मालकीणबाईंनी उचलला. दादांनी सगळं सांगितल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडे नवरात्रापासून सगळा फुल आसा हो. तुमच्या आधी दोघांचे फोन येऊन गेले असेच." त्यांनीच देवबागला आपल्या दिराच्या घरी चार खोल्या बघून दिल्या. व्हिडिओ कॉलवर खोल्या दाखवल्या, दोन हजार आगाऊ घेतले, उरलेले आल्यावर. दोन्ही बहिणींना सगळं खरं सांगितलं गेलं. धाकटी म्हणाली, "दादा, मी तो मेसेज केला नसता तर बरं झालं असतं." दादांना पैसे गेल्यापेक्षा हे ऐकून जास्त वाईट वाटलं.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

या प्रकरणात अडाणीपणा कुठं नाही. दादा रोज ऊस बिलांचे आकडे तपासतात. त्यांना बँकेचे मेसेज वाचता येतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे ज्ञानही त्या घरात होतं, दहा फुटांवर, स्वयंपाकघरात. ते ६:५८ च्या आधी तिथून बाहेर आलं नाही, कारण बुकिंग हे 'ह्यांचं' खातं होतं आणि फराळ 'हिचं'. पावणेआठशे रुपयांची साडी घेताना दोघं मिळून दुकानात जातात. अठ्ठावीस हजारांचं बुकिंग मात्र एक माणूस, फोन कानाला लावून, एकटा करत होता.

फोन कानाला असणं ही माझ्या मते या फसवणुकीची खरी कळ. सहा वाजून दहा मिनिटांपासून सात पाचपर्यंत तो कॉल एकदाही तुटला नाही. मध्ये पाणी प्यायला उठले असते, तरी १४,००१ चा हिशेब त्यांना कुठल्याही शुद्धीवरच्या माणसाइतकाच हास्यास्पद वाटला असता. हे दादाच सांगतात. पहिल्या १४,००० नंतर कॉल कापून 'पावती आल्यावर बोलू' म्हटलं असतं, तर पुढचे ३९,००० घरात राहिले असते.

खात्यावरचं नाव ही दुसरी जागा. ते बारीक अक्षरांत का होईना, समोर होतं. यानंतर नियम थोडा सुधारला: ३० जून २०२५ पासून यूपीआय अ‍ॅपनं पैसे पाठवण्याआधी बँकेच्या नोंदीतलं नाव दाखवायचं, क्यूआरमध्ये कुणी घातलेलं नाव नाही, असं ठरलं. २०२४ मध्ये हे असतं तर 'ट्रेडर्स' मोठ्या अक्षरांत दिसलं असतं. पण दादांनी ते वाचलं होतं आणि त्यावरचं उत्तर स्वीकारलं होतं, हेही खरं. तिथं 'मग निवासाच्याच नावाचं खातं द्या, नाहीतर आल्यावर रोख देतो' एवढं म्हणायला हवं होतं. खरा मालक अशा वेळी वैतागतो, पण मार्ग काढतो.

आधारबद्दल आमच्या दोघांत अजून वाद आहे. दादा म्हणतात, हॉटेलवाले मागतातच. खरं आहे, पण मागतात ते पोहोचल्यावर. आधी द्यायचंच असेल तर शेवटचे चार अंकच दिसणारं झाकलेलं आधार उतरवून घेता येतं. बहुतेक ठिकाणी तेवढं चालतं.

आणि तो सव्वा तास. मला विचाराल तर ७:१० ला १९३० लावला असता तर तिसऱ्या रकमेतले उरलेले ५,५९९ तरी बहुतेक हाती लागले असते. पहिल्या दोन रकमांचं काही सांगता येत नाही. दादांनी ही बेरीज मला दोन-तीनदा करायला लावली आहे.

वहिनींनी नंतर एक बदल केला. फराळाच्या डब्यांशेजारी त्यांचा क्यूआर चिकटवलेला असतो, त्याच्याखाली आता स्केचपेननं १९३० लिहिलंय. गिऱ्हाईकं विचारतात, हा कसला भाव?

मालकीणबाईंशी दादांचं अजून अधूनमधून बोलणं होतं. फाटकावरच्या पाटीचा नंबर त्यांनी रस्त्यावरून वाचता येईल एवढा मोठा रंगवून घेतला. नकाशावरचा त्यांनी भाचीकडून दुरुस्त करून घेतला होता. मेच्या सुट्टीच्या तोंडावर तो पुन्हा बदललेला निघाला.